आधी दिसेल त्याला पहिलं नाव

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांची अधिकृत यादी उघडली की पहिल्या क्रमांकावर अक्कलकुवा दिसतो. लोकसभेच्या ४८ जागांच्या यादीत पहिला क्रमांक नंदुरबारचा आहे. मुंबई, पुणे, नागपूर सगळी मागे, आणि गुजरातच्या सीमेला खेटलेला, सातपुड्याच्या डोंगरांत पसरलेला हा आदिवासी तालुका राज्याच्या यादीच्या डोक्यावर! हा मान कोणी मागितलेला नाही आणि दिलेलाही नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत क्रमांक वायव्येकडून सुरू करून नागमोडी चालीने दक्षिणेकडे न्यायचे ठरले. राज्याच्या नकाशाचा वायव्य कोपरा अक्कलकुव्यात पडतो, एवढंच त्यामागचं कारण. तिथून निघालेली ही साखळी २८८ व्या क्रमांकाला सांगली जिल्ह्यातल्या जतमध्ये संपते.

त्याआधीची यादी वेगळ्या टोकापासून सुरू होत असे. तेव्हा विधानसभेचा पहिला मतदारसंघ सावंतवाडी होता आणि लोकसभेचा पहिला राजापूर. आज सावंतवाडीचा क्रमांक २७० आहे. सावंतवाडी जागची हलली नाही, अक्कलकुवाही हलला नाही. मोजणाऱ्याने कोणत्या कोपऱ्यात उभं राहून मोजायला सुरुवात केली, तेवढं बदललं.

जनगणनेच्या कागदांत हेच घडलेलं दिसतं. १९९१ मध्ये राज्यांना इंग्रजी वर्णानुक्रमाने क्रमांक दिले होते, त्यात महाराष्ट्र १४ होता. २००१ मध्ये क्रमांक उत्तरेकडून देत आणले, तेव्हा महाराष्ट्र २७ झाला. १९९१ ची जिल्ह्यांची यादी बृहन्मुंबईपासून सुरू होत होती आणि अक्कलकुवा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि २००१ च्या जनगणनेत तो राज्यातला पहिला ठरला. २०११ मध्ये जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक मिळाले. त्यात नंदुरबार ४९७ झाला. अवघ्या वीस वर्षांत एकाच भूभागाच्या तीन वेगळ्या नोंदी. दोन जनगणनांचे तक्ते शेजारी ठेवून अक्कलकुव्यातल्या शाळा किंवा पाणवठे तपासणाऱ्याने फक्त सांकेतांक जुळवले, तर तो भलत्याच जिल्ह्याची आकडेवारी हाती घेऊन बसेल.

मोजणीच्या क्रमाला नाव समजण्याची ही सवय प्रशासनापुरती नाही. संगणकांच्या इतिहासात तिने बरंच नुकसान केलं आहे, आणि ते नुकसान मेनफ्रेमवर लिनक्स ही संगणकप्रणाली चालवणाऱ्यांनी फार जवळून पाहिलं. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, सरकारी खाती यांचे व्यवहार वाहणारी ही मोठी यंत्रं. एकेका यंत्राला शेकडो, कधी हजारो डिस्क जोडलेल्या असतात. त्यांवर लिनक्स सुरू झालं की सापडलेल्या पहिल्या डिस्कला ते ‘डॅस्डी-ए’ म्हणतं, दुसरीला ‘डॅस्डी-बी’, तिसरीला ‘डॅस्डी-सी’. डॅस्डी हा आयबीएमच्या जगातला जुना शब्द. टेपसारखं सुरुवातीपासून उलगडत न जाता हव्या त्या जागी थेट पोचता येतं, अशा साठवणुकीला तो वापरतात. त्यापुढचं ए, बी, सी मात्र निव्वळ क्रम दाखवतं. आधी दिसेल त्याला पहिलं नाव.

नवल असं की मेनफ्रेमला ही पद्धत मुळीच ठाऊक नव्हती. तिथे नाव देण्याची रीत लिनक्सच्या जन्माआधी सत्तावीस वर्षं घडत आली होती आणि ती जास्त पोक्त होती.

मुंबईत आयबीएमचा संगणक आला तो १९६१ मध्ये, एस्सो या तेल कंपनीच्या कचेरीत. तो होता १४०१, भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि चुंबकीय टेपवर चालणारा. डिस्क अमेरिकेत १९५६ मध्येच आली होती: रॅमॅक नावाच्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या फिरत आणि त्या सगळ्यांत मिळून पन्नास लाख अक्षरं मावत. पण डिस्कला पत्ता देण्याची शिस्त बसवली ती ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या यंत्रमालेने. त्या मालेत प्रत्येक साधनाला तीन अंकी पत्ता असे. पहिला अंक चॅनेलचा, म्हणजे मुख्य यंत्रापासून निघणाऱ्या वाहिनीचा. दुसरा साधारणपणे त्या वाहिनीवरच्या कंट्रोल युनिटचा. तिसरा त्या युनिटला जोडलेल्या साधनाचा. १९१ म्हटलं की जाणकाराला तार कुठून कुठे गेली आहे ते कळे. सोव्हिएत गटाने ३६० शी सुसंगत अशी स्वतःची यंत्रमाला बांधली. त्यातलं ईसी-१०३० हे यंत्र १९७० च्या दशकात पवईच्या आयआयटीत आलं, त्यामुळे पत्त्यांची ही रीत मुंबईच्या विद्यार्थ्यांच्याही हाताखालून गेली.

त्या काळातली डिस्क आजच्यासारखी पेटीत कायमची बंद नसे. ती उचलून काढता येई. २३१४ नावाच्या संचाचं उदाहरण घ्यावं. एका लांबलचक कपाटात नऊ खण, प्रत्येकात अकरा तबकड्यांचा एक जडशीळ गठ्ठा, एका गठ्ठ्याची क्षमता सुमारे २९ मेगाबाइट. पगाराचं काम आलं की ऑपरेटर एक गठ्ठा काढून दुसरा बसवी. खणाचा पत्ता तोच राही, आतला गठ्ठा बदले. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीलाच, पहिल्या ट्रॅकवर, त्याचं स्वतःचं सहा अक्षरी नाव लिहिलेलं असे. व्हॉल्यूम सिरीयल हे त्याचं कागदोपत्री नाव, आणि यंत्रघरातले लोक त्याला ‘व्होलसर’ म्हणतात. कन्सोलवर संदेश उमटे: अमुक पत्त्यावर तमुक नावाचा गठ्ठा चढवा. ऑपरेटरने भलता गठ्ठा चढवला तर यंत्र आतलं नाव वाचून तो नाकारी.

२३१४ मधली आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तीत पुढच्या पन्नास वर्षांचा वाद आधीच सुटलेला दिसतो. नऊ खणांपैकी आठ कामात असत आणि नववा राखीव. प्रत्येक खणावर पत्त्याची एक छोटी खुंटी खोचलेली असे. एखादा खण बिघडला तर ऑपरेटर गठ्ठा राखीव खणात ठेवी, बिघडलेल्या खणाची खुंटी उपसून तिथे खोची, आणि चालू कामाला काही कळतही नसे. पत्ता तारेला बांधलेला नव्हता. माणसाने विचारपूर्वक दिलेली ती एक खूण होती, आणि गरज पडली तर माणूस ती विचारपूर्वक हलवू शकत होता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमने ३७०-एक्सए ही नवी रचना आणली आणि ही कल्पना सगळ्याच साधनांना लागू झाली. आता साधनाचा क्रमांक चार अंकी झाला आणि तारेच्या मार्गापासून सुटा झाला. एकाच डिस्ककडे आठपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी जाता येऊ लागलं. कोणत्या डिस्कला कोणता क्रमांक द्यायचा, हे त्या यंत्रघराने आपल्या आराखड्यात ठरवायचं. त्याआधी १९७२ मध्ये आलेल्या व्हीएम/३७० ने तर एका यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं उभी केली होती, आणि प्रत्येक वापरकर्त्याला आपापली १९१ क्रमांकाची डिस्क दिली होती. शंभर वापरकर्ते, शंभर १९१, सगळ्या वेगळ्या. पत्ता कोणाच्या घरातला हे कळल्याशिवाय तो अपुरा राहतो, हे मेनफ्रेमवाल्यांना तेव्हापासून माहीत आहे.

अशा शिस्तीच्या घरात लिनक्स आलं १९९९ च्या अखेरीस. त्याआधी लिनास वेपस्टास यांनी ‘बिगफूट’ नावाने स्वतंत्र प्रयत्न चालवला होता. मग आयबीएमच्या जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन प्रयोगशाळेने स्वतः तयार केलेलं काम १८ डिसेंबर १९९९ रोजी जगापुढे ठेवलं. पुढच्याच वर्षी सुसे कंपनीने मेनफ्रेमसाठी आपली व्यावसायिक आवृत्ती काढली. ब्योब्लिंगेनच्या गटातले मार्टिन श्विडेफ्स्की यांनी हा भाग पुढे जवळजवळ दोन दशकं सांभाळला. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं. मेनफ्रेमवरच्या लिनक्सची आजची स्थिरता त्यांच्यासारख्या मोजक्या माणसांच्या चिकाटीतून आली आहे आणि त्यांचं नाव या इतिहासात ठळकपणे घेतलं पाहिजे.

लिनक्स वाढलं होतं छोट्या यंत्रांवर. तिथे दोन-चार डिस्क असत आणि अक्षरांनी भागे. मेनफ्रेमसाठी तीच पद्धत उचलली गेली आणि तिच्याबरोबर तिच्या मर्यादाही आल्या. युनिक्सच्या परंपरेनुसार कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आत प्रत्येक साधनाला दोन आकडे असतात: एक जातीचा, एक क्रमाचा. मेनफ्रेमच्या डिस्कला जातीचा आकडा मिळाला ९४. क्रमाच्या आकड्यासाठी तेव्हा २५६ जागा होत्या आणि एका डिस्कला चार लागत, एक अख्ख्या डिस्कसाठी आणि तीन तिच्या पार्टिशनांसाठी. म्हणजे एका जातीत चौसष्ट डिस्क. हजारो डिस्कच्या यंत्राला हे फारच तोकडं होतं. पुढे कर्नलच्या २.६ या आवृत्तीत क्रमाच्या जागा दहा लाखांवर गेल्या आणि डिस्कची कमाल संख्या २,६२,१४४ झाली. नावं अशी वाढत जातात: एक अक्षरी २६, दोन अक्षरी ६७६, तीन अक्षरी १७,५७६, आणि मग चार अक्षरी. या पद्धतीत शक्य असलेलं शेवटचं नाव ‘डॅस्डी-एनडब्ल्यूटीएल’ असं आहे. इंग्रजी बाराखडी तिथे झेडपर्यंत पोचत नाही, मधेच थांबते, कारण आकडे तिथे संपतात.

सुरुवातीच्या वर्षांत बूट करताना, म्हणजे यंत्र सुरू करताना, कर्नलला एक ओळ द्यावी लागे, तिच्यात वापरायच्या डिस्कचे पत्ते लिहिलेले असत. ओळीत जो पत्ता पहिला, तो ए. समजा कोणी ०१५०, ०१५१ आणि ०१५४ हे तीन पत्ते लिहिले. पहिली डिस्क ए, दुसरी बी, तिसरी सी. सहा महिन्यांनी जागा कमी पडली म्हणून ०१५२ ही डिस्क आणली आणि नीटनेटकेपणाच्या सवयीने तिचा पत्ता चढत्या क्रमात, मधेच लिहिला. आता सी म्हणजे ०१५२, आणि ०१५४ झाली डी. पण कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या फायलीत अजून सी हेच लिहिलेलं. सी उघडली की आत कोरी डिस्क. सुदैव असेल तर यंत्र बूट होताना अडून बसतं. दुर्दैव असेल तर कोणीतरी ‘नवी डिस्क’ म्हणून डी ला फॉरमॅट करतो, आणि तिच्यावर खरा डेटा असतो.

म्हणून त्या काळात जाणत्यांनी काही नियम पाळले. नवा पत्ता नेहमी ओळीच्या शेवटी लिहायचा, मग तो कितीही लहान असो. किंवा सुरुवातीपासूनच ०१५० ते ०१५७ असा सलग पट्टा लिहायचा, म्हणजे नसलेल्या डिस्कसाठीही अक्षरं राखून ठेवली जात आणि पुढे भर पडली तरी जुनी नावं हलत नसत. आणि ओळ बदलली की बूटची नोंद पुन्हा लिहायला विसरायचं नाही, कारण ती ओळ तिथेच गोठवलेली असते. डिस्क आपोआप शोधायला सांगण्याचीही सोय होती. पण तीत नाव पूर्णपणे सापडण्याच्या क्रमावर जाई, म्हणून मोठ्या यंत्रघरांत तिच्यावर भरवसा ठेवणं धोक्याचं होतं. हे सगळे नियम उपयोगाचे होते, तरी ते मुळात चुकीच्या गोष्टीला दिलेले टेकू होते.

पत्त्यावरून नाव देण्याची दुसरी वाट भारतात एका मराठी माणसाने आखून दाखवली होती. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. देशात एकाच नावाची अनेक गावं, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, त्यामुळे पत्रं भरकटत. वेलणकरांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसऱ्या अंकापर्यंत टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपाल कार्यालयाचे. अक्कलकुव्याचा पिन ४२५४१५. १९९८ मध्ये जिल्हा बदलला, वाहनांवर धुळ्याच्या एमएच-१८ ऐवजी नंदुरबारचं एमएच-३९ आलं, जनगणनेचे आकडे बदलले, विधानसभेचा क्रमांक बदलला. पिन तसाच राहिला, कारण तो जिल्ह्याच्या राजकीय रचनेला बांधलेला नव्हता. टपाल जिथून वाटलं जातं त्या ठिकाणाशी त्याचा संबंध होता.

लिनक्सला हे शहाणपण दोन टप्प्यांत आलं. २००० च्या सुमारास रिचर्ड गूच यांची डेव्हएफएस ही रचना आली. तीत डिस्क तिच्या पत्त्याच्या नावाखाली दिसे: ०१५० च्या खणात ०१५० ची डिस्क. कल्पना चांगली होती, पण नावाचे नियम कर्नलच्या आतच कोंबलेले असल्यामुळे ती अनेकांना पटली नाही आणि काही वर्षांत काढून टाकली गेली. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्ह आणलं. त्याने कामाची वाटणी केली. कर्नलने फक्त सांगायचं की अमुक साधन सापडलं आणि त्याचे गुण असे. नाव काय द्यायचं ते कर्नलबाहेर, नियमांच्या फायलींत ठरेल. याच काळात मेनफ्रेमच्या डिस्कला लिनक्समध्ये पूर्ण पत्ता मिळाला: ०.०.०१५०. शेवटचे चार अंक तेच, ३७०-एक्सएच्या काळापासून यंत्रघराने ठरवायचे. त्यांच्या आधीच्या दोन शून्यांपैकी पहिलं चॅनेल उपप्रणालीचं, दुसरं उपवाहिन्यांच्या संचाचं. यूडेव्ह आता प्रत्येक डिस्कसाठी एका वेगळ्या निर्देशिकेत पत्त्याच्या नावाची एक खूण ठेवतं आणि ती खूण ए, बी, सी पैकी ज्या नावाला लागू असेल त्याच्याकडे बोट दाखवते. अक्षर बदललं तरी खूण नव्या अक्षराकडे वळते. फायलीत अक्षराऐवजी पत्ता लिहिला की मधे डिस्क आणली काय किंवा काढली काय, ०१५४ ही ०१५४ च राहते.

ही गरज पुढे आणखी वाढली, कारण नव्या कर्नलमध्ये डिस्क एकामागोमाग चालू न होता एकाच वेळी अनेक चालू होतात. एखादी आज आधी उठते, उद्या नंतर. क्रमाला आता काही अर्थच उरला नाही.

पत्त्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती समजून घ्यायला अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली पुरेसं आहे. नर्मदेच्या काठचं हे गाव राज्याच्या जनगणनेच्या यादीत अगदी तोंडाशी येतं आणि सरदार सरोवराच्या पाण्याचा फटका महाराष्ट्रात सर्वांत आधी त्यालाच बसला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं या धरणाच्या बुडीत क्षेत्रात मोडली. १९९३ च्या आसपास मणिबेलीची शेतं आणि घरं पाण्याखाली जाऊ लागली. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारं निवेदन जगभरातल्या संघटनांनी काढलं आणि त्याला याच गावाचं नाव दिलं. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली. खोऱ्यातल्या इतर गावांतली माणसं तळोद्याच्या जंगलातली जमीन मोकळी करून वसवलेल्या सोमावल, रोझव्यासारख्या वसाहतींत आली. काही जण वरच्या टेकडीवर चढून तिथेच राहिले. आता मणिबेलीचा माणूस कोणाला म्हणायचं? जुन्या जागेवर राहणाऱ्याला, की ते घर, ती माणसं, ते देव घेऊन दुसऱ्या राज्यात गेलेल्याला? पत्त्यावर टांगलेली नोंद या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही, आणि ज्यांची जमीन मुळात मोजलीच गेली नव्हती अशा डोंगरातल्या शेतकऱ्यांना तर नोंदीत सापडण्यासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. हे भांडण त्यांनी केलं, आणि ते न्याय्य होतं.

डिस्कच्या बाबतीत स्थलांतर नेहमीचं असतं. १९९९ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ‘शार्क’सारख्या साठवण संचांनी जुन्या ३३९० डिस्कची केवळ नक्कल केली. ३,३३९ सिलिंडर, प्रत्येकात पंधरा ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर ५६,६६४ बाइट, हा त्या जुन्या तबकड्यांचा भूगोल आजही जसाच्या तसा दाखवला जातो, आत मात्र त्या मापाची एकही तबकडी फिरत नाही. दर काही वर्षांनी जुना संच जातो, नवा येतो, सगळा डेटा नव्या पत्त्यांवर हलतो. तेव्हा पत्ताही उपयोगी पडत नाही. डिस्कने स्वतःच्या अंगावर काही ओळख वागवली पाहिजे.

माणसांना अशी ओळख देणाऱ्या योजनेची देशातली सुरुवातही नंदुरबार जिल्ह्यातच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक दिले गेले, आदिवासी गावकऱ्यांच्या हातात. बारा अंकांच्या या क्रमांकात राज्य, जिल्हा, जात, जन्मसाल काहीही दडलेलं नसतं. तो यादृच्छिक असतो. माणूस गाव सोडून गेला तरी तो बदलण्याचं कारण उरत नाही. शेवटचा अंक तपासणीचा, याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने काढलेला. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो लगेच पकडतो.

मेनफ्रेमवरच्या लिनक्समध्ये या तिसऱ्या वाटेच्या तीन खुणा सापडतात. पहिली तीच जुनी, सहा अक्षरी व्होलसर. दुसरी साठवण संचाने दिलेली: बनवणाऱ्याचं नाव, संचाचा अनुक्रमांक, उपसंच आणि त्यातली जागा मिळून एक लांब ओळख. तिसरी फाइल सिस्टिमची, फॉरमॅट करताना तयार होणारी १२८ बिटांची संख्या, जी सहसा यादृच्छिक असते. यूडेव्ह या तिन्हींच्याही खुणा ठेवतं.

यात दोन खड्डे आहेत आणि अनुभवी माणसंही त्यांत पडतात. लिनक्समध्ये डिस्क फॉरमॅट करताना वेगळं नाव दिलं नाही, तर व्होलसर आपोआप पत्त्यावरून तयार होतो: ०१५० वरच्या डिस्कला शून्य, एक्स आणि मग ०१५० असं नाव. ती डिस्क पुढे ०२५० या पत्त्यावर नेली तरी अंगावर जुनाच पत्ता मिरवत राहते, आणि तो वाचून कोणी चुकीच्या डिस्कवर हात टाकू शकतं. दुसरा खड्डा नकलेचा. मेनफ्रेमवर चालू प्रणालीची काही क्षणांत हुबेहूब प्रत काढता येते, नवी यंत्रं उभी करण्याची ती रोजची पद्धत आहे. पण प्रत म्हणजे अक्षरशः प्रत: व्होलसर तोच, फाइल सिस्टिमची संख्याही तीच. मूळ आणि नक्कल एकाच लिनक्सला दिसल्या तर एकाच खुणेवर दोन डिस्क हक्क सांगतात, आणि खूण कोणाकडे वळेल हे पुन्हा क्रमावर ठरतं. अशा वेळी पत्ता वापरणं सुरक्षित, किंवा प्रतीला आधी नवी ओळख देणं. मोठ्या यंत्रघरांत पुष्कळ जण मेनफ्रेमच्या डिस्कसाठी अजूनही पत्त्यालाच पसंती देतात, आणि ते योग्यच वाटतं. २३१४ वरच्या खुंटीसारखा तो पत्ता कोणा माणसाने विचार करून दिलेला असतो.

आज हे काम बरंच सोपं झालं आहे. २०१६ च्या सुमारास आयबीएमच्या साधनसंचात सीएचझेडडेव्ह ही आज्ञा आली. तिला पत्ता दिला की ती डिस्क चालू करते आणि पुढच्या बूटसाठी यूडेव्हचा नियमही स्वतः लिहून ठेवते, त्या नियमाच्या फायलीच्या नावातच पत्ता असतो. यंत्राला दिसणारी हजारो साधनं आधी दुर्लक्षित ठेवायची आणि हव्या त्याच पत्त्यांची बंदी उठवायची, अशीही सोय आहे. ती मोठ्या यंत्रांवर बूटचा वेळ वाचवते. डॅस्डी-ए, बी, सी ही नावं गेलेली नाहीत. कर्नलला आतल्या व्यवहारासाठी ती लागतात. कोणत्या डिस्क चालू आहेत हे पाहण्यासाठी एलएसडॅस्डी ही आज्ञा दिली, की पडद्यावर एक तक्ता येतो. त्यात पहिला रकाना पत्त्याचा, दुसरा डिस्क चालू आहे की नाही याचा, आणि अक्षरांचं नाव तिसऱ्या रकान्यात. साठवण संचाने दिलेली ओळख पाहायची असेल, तर त्याच आज्ञेला आणखी एक पर्याय जोडावा लागतो.